तळघरातलं रबराचं झाड

माझा मामा झाडांच्या धंद्यात आहे असं सांगितलं की लोकांना वाटतं, मोठी रोपवाटिका असेल, दारावर पाटी असेल. तसलं काही नाही. मामा कुंड्या भाड्याने देण्याचं काम करतो, आणि त्या कुंड्यासुद्धा त्याच्या नाहीत, मालकिणीच्या. तो त्या कचेऱ्यांत पोचवतो, पाणी घालतो, पानं पुसतो आणि वेळ झाली की परत आणतो. कचेऱ्यांना झाडं हवी असतात पण झाडांना कचेऱ्या नको असतात, आणि या दोघांची समजूत काढण्यात मामाची हयात गेली.

माझी नोकरी गेली तेव्हा आईने मला त्याच्या गळ्यात बांधलं. की त्याला माझ्या गळ्यात, हे अजून ठरायचंय. "घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा मामाची गाडी चालव," ती म्हणाली. "त्याला आता लांबचं दिसत नाही. पण कबूल करेल तर शप्पथ." माझी पस्तिशी उलटलेली. झाडांचं मला काडीचं प्रेम नव्हतं. घरात आणलेलं प्रत्येक रोप मी महिन्याच्या आत मारून दाखवलेलं. पण गाडी चालवता येत होती आणि आईच्या तोंडी लागण्यात अर्थ नव्हता.

मामा राहायचा तो मालकिणीच्या आवाराच्या टोकाला, एका खोलीत. एक खाट, एक खुर्ची, एक शेगडी. खोलीला खिडकी होती, चांगली मोठी, पूर्वेची. पण तिला आतून-बाहेरून फळ्यांची मांडणी ठोकून तिच्यावर रोपांच्या पिशव्या रचलेल्या, त्यामुळे भर दुपारी आत दिवा लावावा लागायचा. "अरे, जरा उजेड येऊ दे की," मी म्हटलं तर म्हणाला, "मला कशाला? मी काय उन्हावर जगतो?" लग्न त्याने केलं नाही. दोन ठिकाणी बोलणी झाली होती म्हणे, पण दोन्हीकडे मामा तोंडाला कुलूप लावून बसला आणि मुलीकडच्यांना वाटलं मुलगा मुका आहे. हा किस्सा आई हसून हसून सांगायची. मामाही हसायचा, पण जरा उशिरा.

आमचं काम असं. कचेरीतलं प्रत्येक झाड तीनेक आठवड्यांनी उचलून आवारात आणायचं आणि आवारातलं ताजं झाड त्याच्या जागी ठेवायचं. याला आमच्यात बदली म्हणतात. मला सुरुवातीला हा निव्वळ उपद्व्याप वाटला. चांगलं हिरवंगार झाड, पाणी मिळतंय, गार हवा लागतेय, मग त्याला कशाला हलवायचं? मी विचारलं तेव्हा मामा दोन सिग्नल गेल्यावर बोलला.

"ते आत काही खात नसतं."

"पाणी घालतोस ना? खत घालतोस."

"पाणी म्हणजे जेवण नाही. आणि खत म्हणजे मीठ. नुसतं मीठ खाऊन तू किती दिवस काढशील?"

शाळेत मीही शिकले होते की. हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, आकृतीत सगळीकडून बाण. पाठ केलं, परीक्षा दिली, विसरून गेले. मामाच्या तोंडून ते वेगळंच ऐकू आलं. पानातला हिरवा रंग शोभेचा नाही, तो कामाचा आहे, तो उजेड धरतो. मुळांनी वर पाठवलेलं पाणी आणि पानाखालच्या बारीक छिद्रांतून आत आलेली हवा, त्या उजेडाच्या जोरावर या दोन्हींची पानात साखर होते. तेच झाडाचं जेवण. थोडं लगेच खायचं, उरलेलं खोडामुळांत साठवून ठेवायचं. उजेड गेला की स्वयंपाक बंद. भूक मात्र बंद होत नाही. झाड जिवंत आहे तोवर साठवलेलं खात बसतं.

"आणि ते संपलं की?"

"मग स्वतःलाच खायला लागतं. खालच्या म्हाताऱ्या पानात जे काही कामाचं असेल ते काढून घेतं आणि वर शेंड्याला पाठवतं. म्हणून खालचं पान आधी पिवळं पडतं." मग म्हणाला, "आणि हे बाहेरून लवकर कळत नाही गं. तीन आठवडे ते अगदी छान दिसतं. लोक म्हणतात, किती मजेत आहे."

एवढं तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला होता. मग पुढचे दोन दिवस काही बोलला नाही.

मंगळवारी मामा दाढी करायचा. एरवी गालांवर खुंट वाढलेले असायचे, पण मंगळवारी गुळगुळीत, आणि इस्त्रीचा सदरा. मंगळवारी आम्ही नकाशांच्या कचेरीत जायचो. म्हणजे इमारत मोठी, सहा मजली, तिच्यात नाना खाती. पण मामाच्या दृष्टीने ती नकाशांचीच, कारण तळघरात शहराचे जुने नकाशे ठेवलेले होते आणि त्यांच्यावर एक बाई नेमलेल्या होत्या. सगळी इमारत त्यांना नकाशाबाई म्हणायची. गल्ल्या, गटारं, जमिनींच्या हद्दी, सगळं कापडावर चिकटवलेलं, लांबलचक खणांत झोपवलेलं. उजेडाने शाई उडते म्हणून तळघराच्या खिडक्या कधीच विटा लावून बुजवल्या होत्या. बाईंच्या टेबलावर एक ट्यूबलाइट होती. ती बाई आल्या की लागायची, बाई गेल्या की विझायची.

पूर्वी वरून माणसं नकाशे बघायला यायची. आता सगळं वरच्या मजल्यांवर संगणकाच्या पडद्यावर दिसायचं, खाली कुणी फिरकायचं नाही. जे लोक बाईंच्या बरोबर लागले होते त्यांच्या कुठे कुठे बदल्या झाल्या. बाई तिथेच राहिल्या. घरी आई होती तोवर आईचं बघितलं. आई गेली, मग घरीही कुणी नाही. हे मला बाईंनीच सांगितलं, पहिल्याच भेटीत, उभ्या उभ्या. बोलायला माणूस मिळालं की त्या घाईघाईने सगळं सांगून टाकायच्या, ते माणूस आता निघेल या धास्तीने.

त्यांच्या खुर्चीशेजारी रबराचं झाड होतं. माणसाच्या छातीएवढं, एकच खोड, रुंद जाड चकचकीत पानं. बाई त्याला 'हे' म्हणायच्या. ह्याला आज बरं नाही. ह्याला फोनचा आवाज आवडत नाही. मामा ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचा आणि बाई त्याला आठवड्याचं सगळं सांगायच्या. मामा हूं, हूं करायचा. तासभर! मालकीण एका झाडाला पाच मिनिटं धरायची. आणि मामा त्या खोलीतून वर आला की गाडीत बसल्यावर गुणगुणायचा, त्याच्या मानाने.

"बघितलंस का गं," बाईंनी मला दाखवलं, "हे कसं माझ्याकडे कललंय ते? भिंतीकडे नाही, दाराकडे नाही, बरोबर माझ्या खुर्चीकडे. सात वर्षं झाली. झाडालासुद्धा कळतं, आपल्याशी कोण बोलतं ते."

झाड खरंच कललेलं होतं. मला कौतुक वाटलं. मामा फडकं पिळत होता, त्याने वर बघितलं नाही.

हे कौतुक पुढच्याच आठवड्यात उतरलं. आवारात गेले तर मामा कात्री घेऊन एका निरोगी रबराच्या झाडासमोर बसलेला, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने एका धडधाकट पानाचं टोक तिरपं कापलं. पांढरा चीक टपटप गळायला लागला.

"अरे, डोकं फिरलं का तुझं?"

"तिकडचं फाटलं," मामा म्हणाला. "बाईंच्या खुर्चीत अडकून."

मला कळायला थोडा वेळ लागला. झाड छातीएवढं. एकच खोड. खालून तिसऱ्या पानावर तळघरातल्या झाडासारखाच डाग. आवाराच्या भिंतीला अशा बेताने टेकवलेलं की ऊन एकाच बाजूने यावं, आणि त्या बाजूला ते कललेलं, तळघरातलं कलायचं तेवढंच. तळघरात एक झाड नव्हतंच. दोन होती. तीन आठवडे हे, तीन आठवडे ते. बदलीच्या दिवशी मामा बाई यायच्या आधी पहारेकऱ्याकडून तळघर उघडून घ्यायचा, झाड बदलायचा, कल बरोबर खुर्चीकडे येईल अशी कुंडी वळवून ठेवायचा आणि मग बाई आल्या की काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पानं पुसायला जायचा. सात वर्षं! मी आल्यापासून ते मीच उचलत होते आणि मला वाटत होतं नेहमीचीच बदली आहे, दिसायला सारखंच दुसरं झाड. बाईंना ते माहीत नसेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"पण का?"

मामाने कात्री सदऱ्याला पुसली. "पहिल्या बदलीला बाई समोर होत्या. म्हणाल्या, नेऊ नका हो, आत्ता कुठे ओळख झालीय, इथून सगळेच जातात. मी म्हटलं, बरं, नाही नेत. हे इथेच राहील." तो पानाकडे बघत राहिला. "बोललो खरा. मग महिन्याभरात ते मरायला टेकलं."

एका दिलेल्या शब्दासाठी इतकी मोठी लबाडी करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. त्या झाडांना तो डोळ्यांत तेल घालून जपायचा. इकडे एखादं पान गळलं तर तिकडचं तोडायचं. आवारात नवीन पान फुटायला लागलं की दुसऱ्यालाही फुटेपर्यंत त्याची झोप उडायची. बाई समजायच्या, आपण उरलेला कोरा चहा घालतो आणि बोलतो म्हणून झाड जगलं. आणि मामाला ते तसंच समजलेलं हवं होतं. मला सारखं वाटायचं की या माणसाने सगळ्या आयुष्यात कुणाची एवढी काळजी केली नसेल, आणि जिची केली तिला त्याचा पत्ता नाही. मला त्याचा राग यायचा.

मग बाई निवृत्त व्हायची वेळ आली. कचेरीकडून निरोपाला काय हवं असं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, मला माझं झाड द्या. मालकिणीने मोठ्या मनाने हो म्हटलं. तिचं काय जातंय?

"सांगून टाक आता," मी मामाच्या मागे लागले. "शेवटची संधी आहे. झाड नाही रे कललेलं तिच्याकडे. कोण कललंय ते तरी कळू दे तिला."

मामा लाल झाला. या वयात! पण नाही म्हणाला नाही. त्या मंगळवारी त्याने दोनदा दाढी केली आणि हनुवटीला कापून घेतलं.

खाली गेलो तर टेबल रिकामं, खणांना कुलपं, बाई झाडाला जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळत होत्या, प्रवासात पानं मोडू नयेत म्हणून.

"खिडकीत ठेवा हं याला," मामाने सुरुवात केली. "आधी जरा लांब, मग जवळ. ऊन लागतं झाडाला."

बाई हसल्या. "अहो, तुम्हीच असं म्हणता? सात वर्षं बघताय ना? शाळेत मीही शिकलेय, पानं, ऊन, सगळं. पण पुस्तकावर विश्वास ठेवू की डोळ्यांवर? ह्याला ऊन लागत नाही. ह्याची सवयच वेगळी. माझ्या खुर्चीशेजारी ठेवीन, इथे आहे तसंच."

"बाई, तसं नाही ते. मला तुम्हाला सांगायचं होतं—"

"इथे किती आले हो आणि किती गेले," बाई पट्टीची गाठ मारत म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "माझ्याबरोबरची सगळी गेली. वरचे साहेब बदलले, पहारेकरी बदलले. हे एकटं नाही बदललं. मला कधी फार वाटलं ना, की मी ह्याच्याकडे बघायची."

मी मामाकडे डोळे वटारून बघत होते. तो खाली वाकला, कुंडी उचलली आणि जिना चढायला लागला. बाहेर भाड्याची गाडी उभी होती. बाई झाडाला मांडीवर घेऊन बसल्या. पत्ता त्यांनी दिला, या कधीतरी म्हणाल्या. असं सगळेच म्हणतात.

पुढचे मंगळवार वाईट गेले. इमारतीतली बाकीची झाडं होतीच, त्यामुळे जावं लागायचं. तळघराला टाळं. मामा दाढी करायचा, वरचे मजले उरकायचा आणि गाडीत येऊन हातावर हात ठेवून बसायचा. आवारातलं जोडीचं झाड उन्हात माजलं होतं, एकावर एक पानं फुटत होती, आता कुणाशी जुळवायची नव्हती. मालकीण म्हणाली, ते बँकेत ठेवू या. मामा म्हणाला, त्याला कीड लागलीय. साफ खोटं!

"तिथे आता खालची पानं पिवळी पडली असतील," एक दिवस जेवता जेवता म्हणाला. थोड्या दिवसांनी म्हणाला, "आता गळायला लागली असतील." त्याचा जीव टांगणीला लागला होता. झाड मरणार, आणि ते त्याच्या लबाडीने मरणार, कारण झाड अंधारात जगतं हे बाईंना त्यानेच शिकवलं होतं. एकदा शिकवून नाही, सात वर्षं डोळ्यांसमोर पुरावा ठेवून.

एका सकाळी तो म्हणाला, "गाडी काढ." आणि जोडीचं झाड मागे चढवलं.

"चोरून बदलायचा विचार आहे की काय?" मी विचारलं. त्याने मागे वळून झाडाचा कल बघून घेतला, म्हणजे तोच विचार होता.

बाईंचं घर तळमजल्यावर होतं, मागच्या बाजूला. दार उघडलं आणि मला वाटलं तळघरातच आलो. जाड पडदे, घट्ट ओढलेले. गाद्यांचे रंग, भिंतीवरच्या फोटोचे रंग, सगळं कालच आणल्यासारखं. "ऊन आलं की रंग उडतात ना," बाई म्हणाल्या. चाळीस वर्षांची सवय. दिव्याखाली खुर्ची आणि खुर्चीशेजारी झाड. खोड उघडं पडलं होतं. वर चार पानं, त्यातलं एक पिवळं.

"बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. "हे झुरतंय हो. त्याला कळलंय, मी आता कामाची राहिले नाही. रोज बोलते, चहा घालते. माझंच काहीतरी चुकतंय." मग चहा ठेवायला आत गेल्या.

मी मामाकडे बघितलं. "आणू का पटकन?" मी हळूच म्हटलं. मी चेष्टा करत होते की खरंच विचारत होते, मलाच सांगता येणार नाही.

"आता जुळणार नाही," मामा म्हणाला.

बाई कपबशा घेऊन आल्या तेव्हा तो उभा होता. "तुमचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "ते उपाशी आहे. आणि हे एकटं नव्हतं, बाई. दोन होती." मग त्याने सगळं सांगितलं, खाली बघत, एका दमात. आवार, बदली, कात्री. बोलणी फिसकटलेल्या त्या दोन घरांत जर तो एवढं बोलला असता तर आज माझी मामेभावंडं असती.

बाईंनी कपबशा खाली ठेवल्या नाहीत. तशाच हातात धरून उभ्या राहिल्या.

"म्हणजे मी दोघांशी बोलत होते."

"हो."

"आणि ते माझ्याकडे कलायचं ते?"

"कुंडी मी वळवून ठेवायचो."

"तुम्हाला मजा वाटत असेल."

"नाही हो," मामा म्हणाला. "तुम्ही म्हणाला होतात, नेऊ नका."

बाईंच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला बघवलं नाही. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. "निघा तुम्ही," त्या म्हणाल्या. "चहा राहू दे."

परतीच्या वाटेवर मागे ते माजलेलं झाड प्रत्येक वळणावर काचेला घासत होतं. मला दोघांचाही संताप आला होता. त्याचा, कारण त्याने एका एकट्या बाईची सात वर्षं खोटी केली. आणि तिचा, कारण ती सात वर्षं खोटी नव्हती आणि तिला ते दिसत नव्हतं. मामा म्हणाला, "निदान आता खिडकीत तरी ठेवतील."

त्यानंतर मामाने मंगळवारी दाढी करणं सोडलं. कामात चुकला नाही, पण घरी आला की खोलीत, दिवा लावून, खुर्चीत. आईने दोनदा जेवायला बोलावलं, आला नाही. मी दाराशी गाडीच्या चाव्या द्यायला जायची तेव्हा वाटायचं, आत जावं, काहीतरी बोलावं. पण चाव्या खिळ्याला अडकवून निघून यायची. जोडीचं झाड त्याने भिंतीपासून काढून आवाराच्या मधोमध ठेवलं, चारी बाजूंनी ऊन लागेल असं. त्याचा कल हळूहळू जायला लागला.

आणि मग एका सकाळी आम्ही गाडी भरत असताना आवाराच्या फाटकात नकाशाबाई उभ्या. कडेवर लहान मूल घ्यावं तशी कुंडी घेतलेली. घामाघूम झालेल्या. बसने आल्या होत्या.

मामाच्या हातातली झारी वाकडी झाली, पाणी त्याच्या पायावर सांडत राहिलं.

"पडदे उघडले मी," बाई फाटकातूनच म्हणाल्या. नमस्कार नाही, काही नाही. "तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून उघडले. म्हटलं, बघू या. आठवड्याभरात ह्याचा शेंडा वळला. खिडकीकडे. माझ्याकडे सरळ पाठ! मग म्हटलं, एवढं हवंय तर घे. भर उन्हात ठेवलं. तर हे असं झालं."

उरलेल्या तीन पानांवर पांढरे-तपकिरी चट्टे पडले होते. मामा जवळ आला, पान उलटं करून बघितलं.

"भाजलंय," तो म्हणाला. "इतके दिवस उपाशी असलेल्यापुढे एकदम भरलं ताट नाही ठेवायचं. त्याला ते झेपत नाही. हळूहळू द्यावं लागतं."

"जगेल?"

"खोड हिरवं आहे."

"मग हे तुमच्याकडे राहू दे. आणि ते दुसरं मला द्या." बाईंनी आवाराच्या मधोमध असलेल्या झाडाकडे बघितलं. ओळखलं त्यांनी; तिसऱ्या पानावरचा डाग, तिरपं कापलेलं टोक. बराच वेळ बघत राहिल्या. "मी बघायला येईन तेव्हा हेच दाखवायचं. ह्याच्या जागी तिसरं आणून ठेवलंत तर मला कळेल."

"हेच दाखवीन," मामा म्हणाला.

त्याने आजारी कुंडी त्यांच्या हातातून घेतली. आवारात जाळीखाली जागा होती, पण तो ती घेऊन आपल्या खोलीत गेला, आणि खिडकीतल्या पिशव्या सरकवल्याचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला. मग येऊन दुसरं झाड उचललं, गाडीजवळ आणलं आणि सवयीने कुंडीच्या काठावर हात ठेवून ती वळवायला लागला.

"खुर्ची कुठल्या बाजूला असते तुमची?" त्याने विचारलं.

"खिडकीत नेली," बाई म्हणाल्या. "आता वळवायला नको."

मामाने कुंडीवरचा हात काढून घेतला.